काचेआडचा रोहित आणि भाचीची उलटी वही

नमस्कार मंडळी!

मुंबईत शाळेची सहल म्हटली की फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ठरलेलंच. आमचीही गेली होती. दोघादोघांची रांग, तोंडावर बोट आणि मागून बाईंचं "चला, पुढे सरका". प्राणी-पक्ष्यांच्या दालनातून आम्ही कसे बाहेर पडलो कळलंही नाही. गव्याची शिंगं तेवढी आठवतात.

मध्यंतरी भाचीला घेऊन मी त्याच दालनात गेले. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांच्या काचेपुढे ती थबकली. "मावशी, हे खरे आहेत?"

पेंढा भरलेला पक्षी पाहिला की बहुतेक मुलं हेच विचारतात. आणि मोठी माणसं "हो, खरे" म्हणून पुढे निघतात. तसं करू नका हो! पिसं खरी, कातडी खरी, डोळे मात्र काचेचे, एवढं सांगा. मूल लगेच काचेला नाक लावून बघायला लागतं. शिक्षण तिथेच सुरू होतं.

आता ही चोच बघा. (चोच जवळून.) मधूनच वाकलेली. वरचा भाग पातळ, झाकणासारखा, खालचा जाडजूड. बाकीच्या पक्ष्यांपेक्षा वेगळीच. भाचीनं ती वहीत काढली आणि मी तिला वही उलटी धरायला सांगितली. रोहित खातो तो असाच, मान खाली घालून, चोच पाण्यात उलटी करून. जाड जीभ मागेपुढे करत तो पाणी आत ओढतो, बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांत शेवाळ, किडे अडकतात. आपली चहाची गाळणीच! त्याचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो.

या एका काचेपुढे आमचा पाऊण तास गेला. बाकी दालन राहिलं. राहू दे.

1926 मध्ये, हे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम असताना, इथल्या नव्या निसर्ग विभागात येणाऱ्यांना माहिती सांगायला एक तरुण नेमला गेला. पगार महिना 350 रुपये. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्याची दुसरीकडची नोकरी हुकली होती. तो तरुण म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून गाजलेले सलीम अली! लहानपणी त्यांनी गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी मारली आणि ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखून दिली, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. एका पोरासाठी मोठ्या माणसानं वेळ काढला. संग्रहालयाचा कुठलाही शैक्षणिक उपक्रम मी याच मापानं मोजते.

म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती: दहा मुलांमागे एक काच नेमून द्या. वही-पेन्सिल हातात द्या. प्रश्नपत्रिका नको, चित्र काढू दे. संग्रहालयाच्या शिक्षण विभागाशी आधी बोलून ठेवा. आणि नंतर मुलांना बाहेर न्या. नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं गोरेगावचं केंद्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागूनच आहे, तिथे निसर्गवाटा आहेत. रोहित बघायचे तर थंडीत ऐरोली गाठा, ठाणे खाडीवर.

आम्ही गेलो होतो. बोट पक्ष्यांपासून लांबच थांबली. सगळ्यांच्या माना खाली. भाचीनं दप्तरातून ती वही काढली, उलटी धरली, आणि एकदा चित्राकडे, एकदा खाडीकडे बघत बसली.