नावासमोरची तारीख

लघु माहितीपटाचं निवेदन

दृश्य : अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपचा स्क्रीन. एक साधा तक्ता. कर्सर लुकलुकतोय.

चार रकाने. जबाबदारी, नाव, सोबतीला कोण, आणि कधीपर्यंत.

हा तक्ता एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा, प्रकल्पाच्या दस्तऐवजीकरण टीमचा आहे. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून ठेवणारी, तपासणारी, जुनं झालेलं सुधारणारी ही माणसं. या कामाचा पगार कुणालाच मिळत नाही. नोकरी, अभ्यास, घर सांभाळून उरलेला वेळ ती इथे देतात.

चौथा रकाना नीट बघा. प्रत्येक नावासमोर तारीख आहे. नाव लिहिलं गेलं त्याच दिवशी ते कधी काढायचं हेही ठरलं. त्यातली एक तारीख आज आहे.

दृश्य : व्हिडिओ कॉल. नऊ चौकटी. एका खिडकीत पहाट, दुसरीत टेबलावरचा दिवा.

कुणाची सकाळ, कुणाची मध्यरात्र. बैठकीची वेळ दर महिन्याला बदलते. कुणाची तरी झोप मोडणारच आहे, तर ती आळीपाळीने मोडावी, असं या मंडळींनी ठरवलंय. मधल्या चौकटीत मावळत्या टीम लीड आहेत. बैठक मात्र त्या चालवत नाहीत. ती चालवतोय वरच्या कोपऱ्यातला तरुण. दोन वर्षांपूर्वी एक तुटलेली लिंक दुरुस्त करून तो या टीममध्ये आला.

दृश्य : त्याच फाइलचा इतिहास. बोट माऊसच्या चाकावर. पानं मागे मागे सरकतात.

गिट या फाइली सांभाळणाऱ्या साधनात प्रत्येक बदलाची नोंद राहते, म्हणून मागे जाता येतं. ही तीन वर्षांपूर्वीची फाइल. रकाने दोनच आहेत, आणि वरपासून खालपर्यंत एकच नाव, आजच्या मावळत्या टीम लीडचं. रिव्ह्यू त्यांच्याकडे. बैठक त्यांच्याकडे. नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं, रिलीजची टिपणं, वेबसाइटच्या किल्ल्या म्हणजे पासवर्ड आणि खाती, सगळं त्यांच्याकडे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि त्यांनी काही बळकावलंही नव्हतं. स्वयंसेवी टीममध्ये जो काम उरकतो त्याच्याकडेच पुढचं काम येतं, आणि बाकीचे मनापासून आभार मानतात. त्या आभारात सहा जणांची कामं एका माणसावर कधी साचली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रोग्रामर मंडळींत एक शब्द आहे, बस फॅक्टर. किती माणसं अचानक दिसेनाशी झाली तर काम ठप्प होईल, तो आकडा. या टीमचा आकडा होता १.

दृश्य : जुन्या संगणकाचा कीबोर्ड, झिजलेली अक्षरं. मग पायथनचा कोड.

मोठ्या प्रकल्पांनाही हे चुकलेलं नाही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवली. शेवटचा शब्द त्यांचाच असे. त्यांच्या पदाचं प्रेमाने पडलेलं नाव होतं, तहहयात दयाळू हुकूमशहा. जुलै २०१८ मध्ये, पेप ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या दमवून टाकणाऱ्या वादानंतर, ते त्या पदावरून बाजूला झाले. वारस नेमला नाही. कारभार कसा चालवायचा ते तुम्हीच ठरवा, असं त्यांनी सहकाऱ्यांवर सोपवलं.

सहकारी लिहायला बसले. कारभाराचे सात वेगवेगळे प्रस्ताव तयार झाले आणि डिसेंबरमध्ये मतदान झालं. निवडला गेला तो आराखडा पाच जणांच्या सुकाणू समितीचा. भाषेच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर या समितीची नव्याने निवडणूक होते. त्यातला एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सदस्य समितीत नकोत. पहिल्या समितीत गिडो होते, पण पाचातले एक म्हणून, निवडून येऊन.

दृश्य : मतपत्रिकेसारखी दिसणारी ईमेल. पसंतीक्रमाचे आकडे भरणारी बोटं.

संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली बनवणाऱ्या डेबियनने हा धडा फार आधी गिरवला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने १९९८ मध्ये स्वतःची लिखित घटना मंजूर केली. प्रकल्प प्रमुख एका वर्षासाठी निवडायचा. मत पसंतीक्रमाने द्यायचं, आणि यादीत नेहमी एक ओळ अशी की यांपैकी कुणीही नको. २०१९ मध्ये अर्ज भरायची मुदत संपली तरी उमेदवार एकही नव्हता. घटनेतच लिहिलं होतं की अशा वेळी मुदत एका आठवड्याने वाढवा. ती वाढली, उमेदवार आले, निवडणूक झाली. कठीण दिवशी काय करायचं ते शांत दिवशी लिहून ठेवलेलं होतं.

वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर असलेल्या वर्डप्रेसची रीत आणखी वेगळी. तिथे एकेका मोठ्या आवृत्तीसाठी पथक उभं राहतं, त्यात दस्तऐवजीकरण सांभाळणारे वेगळे, डिझाइन सांभाळणारे वेगळे. आवृत्ती बाहेर पडली की पथकाचं काम संपलं. डिसेंबर २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीच्या पथकात सगळ्या स्त्रिया आणि नॉन-बायनरी व्यक्ती होत्या.

दृश्य : पांढरा फळा. रंगीत चिठ्ठ्या. एक हात मोठी चिठ्ठी काढून तिचे तुकडे करतो.

आमच्या टीमने सुरुवात इथून केली. ‘टीम लीड’ असं लिहिलेली ही चिठ्ठी. त्यांनी ती खरोखर फाडली. तुकड्यांवर एकेक काम लिहिलं आणि त्याखाली तास. बैठक चालवणं, आठवड्याला दोन तास. नवख्यांचं स्वागत, तीन तास. तास लिहिले म्हणून लोक पुढे आले. ‘जबाबदारी घेता का?’ म्हटलं की माणूस मागे सरतो. ‘सहा महिने, आठवड्याला दोन तास, सोबत एक जण’ म्हटलं की तो कॅलेंडर उघडून बघतो.

ही पिवळी चिठ्ठी नोंदींची. बैठकीच्या नोंदी वर्षानुवर्षं त्याच दोघी लिहीत आल्या होत्या, आणि ते काम नेतृत्वात कुणी धरलंच नव्हतं. आता नोंदी आळीपाळीने लिहिल्या जातात. नोंद लिहिणाऱ्याचं नावही तक्त्यात येतं.

नावं सुचवायला दोन आठवडे मिळतात. स्वतःचं सुचवा, दुसऱ्याचं सुचवा. दुसऱ्याचं असेल तर आधी त्या व्यक्तीला एकटीला गाठून विचारायचं. चारचौघांत विचारलं की नाही म्हणता येत नाही.

दृश्य : फडताळ उघडतं. आत, चार्जरला लावलेला जुना लॅपटॉप. हिरवा दिवा.

किल्ल्यांची यादी करायला बसले तेव्हा हे सापडलं. रोज रात्री सगळी पानं नव्याने तयार करणारी स्क्रिप्ट या फडताळातून चालत होती. डोमेनचं नूतनीकरण टीम लीडच्या स्वतःच्या कार्डावर. टू-फॅक्टर लॉगिनचे, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीचे, राखीव कोड एका वहीच्या शेवटच्या पानावर. ही ती वही. एकेका ओळीपुढे बरोबरची खूण होत जाते. प्रत्येक किल्ली आता दोघांकडे आहे.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या छोट्याशा, पण बहुतेक लिनक्सवर असणाऱ्या प्रकल्पात चोरवाट सापडली. एकट्याने भार वाहून थकलेल्या मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, विश्वास मिळवून कुणीतरी आत शिरलं होतं. सुदैवाने ती वेळीच उघडी पडली.

दृश्य : पुन्हा व्हिडिओ कॉल. मधल्या चौकटीवर लाल माइक, म्हणजे आवाज बंद. हात माऊसकडे जातो, थांबतो, परत येतो.

हँडओव्हर तीन महिन्यांचा. पहिल्या महिन्यात नव्या माणसाने नुसतं बघायचं. दुसऱ्यात दोघांनी मिळून करायचं. तिसऱ्यात जुन्याने गप्प बसायचं. हा तिसऱ्या महिन्याचा शेवटचा दिवस. वर बोलणारा तरुण एका मुद्द्यावर अडखळलाय. उत्तर कुणाला माहीत आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

माइक लालच राहतो. अर्ध्या मिनिटाने खालच्या चौकटीतून दुसराच आवाज येतो. उत्तर बरोबर आहे.

दृश्य : तक्ता. पहिल्या ओळीतलं नाव निवडलं जातं. डिलीट.

त्या स्वतःचं नाव स्वतः काढतात आणि खाली, ‘विचारलं तर सांगतील’ या शीर्षकाखाली लिहितात. बदल मंजुरीसाठी पाठवतात, कारण इथे कुणाचाच बदल दुसऱ्याने पाहिल्याशिवाय आत जात नाही.

दृश्य : तरुणाचा चेहरा, स्क्रीनच्या उजेडात. बोट माऊसवर.

मर्ज. बदल आत गेला.

दृश्य : मधली चौकट मिटते. उरलेल्या आठ सरकून जागा भरतात.

पुढचा मुद्दा, इन्स्टॉलेशनचं तिसरं पान. कोण घेतंय?