मनोऱ्यातून उतरणारी बिअर

(दृश्य: चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटलेली घरं)

बिशप्स कॅसल. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं, वेल्सच्या सीमेलगतचं छोटं गाव. ज्या किल्ल्यावरून नाव पडलं, त्याच्या भिंतींचे जेमतेम तुकडे उरलेत. तग धरून राहिला तो एक पब. ‘थ्री टन्स’. हा ‘टन’ वजनाचा नव्हे. टन म्हणजे मोठं पिंप.

इथला बिअर बनवण्याचा परवाना १६४२चा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी पेटली होती. पबमागे स्वतःची भट्टी असणं तेव्हा खाणावळीमागे चूल असण्याइतकं साधं होतं.

(दृश्य: अंगणातून वर पाहताना मनोरा)

आणि हा मनोरा. जॉन रॉबर्ट्स यांनी हा पब घेतला आणि १८८८च्या सुमाराला ही विटांची इमारत उभी केली. नीट बघा, कारण ही नुसती इमारत नाही, हे यंत्रच आहे. माल एकदाच वर चढवायचा. पुढची बरीचशी वाट तो आपल्याच वजनाने उतरतो.

सगळ्यात वर पाणी आणि माल्ट. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत सुकवलेलं सातू. त्याची भरड काढतात. पीठ नाही, भरडच, कारण टरफलं शाबूत राहिली तरच पुढे त्यांची गाळणी होते. ही भरड खालच्या पिंपात पडते, गरम पाण्यात भिजते. पासष्ट अंशांच्या आसपास, तासभर. पाणी जास्त कडक झालं तर हवी तशी साखर सुटत नाही. कोमट राहिलं तरी काम बिघडतं. जमलं, की झाकण उघडल्यावर हा असा वास येतो: ताज्या भाकरीचा, थोडा गुळाचा.

गोड रस गाळून निघतो आणि चोथा मागे राहतो. मग रसाला खळखळून उकळी. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं पडतात, कडवटपणासाठी, सुगंधासाठी आणि बिअर टिकावी म्हणून. रस निवला की यीस्ट, म्हणजे साखरेचं मद्य करणारे सूक्ष्मजीव. दुसऱ्या दिवशी त्यावर हा जाड, मलईसारखा फेस चढलेला असतो. इथे माणसाला घाई करून चालत नाही. आठवडाभर यीस्टच्या कलाने घ्यावं लागतं.

(दृश्य: पिंपं भरताना)

पिंपात भरल्यावरही ही बिअर जिवंत असते. आत यीस्ट काम करतच राहतं. वरून वायू दाबून भरलेला नाही, उष्णता देऊन ती निर्जीव केलेली नाही. तळघरात बारा अंशांच्या आसपास ती मुरते. लोणचं मुरतं तशीच, फक्त दिवस थोडे.

जवळजवळ शतकभर हे सगळं रॉबर्ट्स घराण्याने सांभाळलं. तोवर बाहेरचं जग पालटलं होतं. मोठ्या कंपन्यांनी लहान भट्ट्या गिळल्या, पबच्या पब विकत घेतले, आणि गाळून, तापवून, वायू भरलेली एकसारखी बिअर सगळीकडे पोचवली. १९७१ मध्ये चार तरुणांनी पारंपरिक बिअर वाचवण्यासाठी ‘कॅम्रा’ ही चळवळ सुरू केली, तेव्हा स्वतःची बिअर स्वतः बनवणारे जुने पब अख्ख्या देशात चारच उरले होते. कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा ‘ब्लू अँकर’, नेदर्टनचा ‘ओल्ड स्वॉन’, मॅडलीचा ‘ऑल नेशन्स’. आणि चौथा हा.

मधल्या काळात इथलीही भट्टी थंडावली. पब आणि भट्टी यांचे मालक वेगळे झाले. २००३ मध्ये भट्टी पुन्हा पेटली.

(दृश्य: काउंटर, हातपंप)

ही तिची ‘ट्रिपल एक्स’. बघा, नळ उघडलेला नाही. हातपंपाचा दांडा ओढावा लागतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा थोडा हळू. पेल्यात ढग उठतो, तळापासून निवळत वर येतो. खिडकीबाहेर अंगण आहे, आणि अंगणापलीकडे मनोरा.