तक्रार सोलापूरची, दाद पुण्यात

(दृश्य: सोलापूर स्टेशन, सकाळ. हुतात्मा एक्स्प्रेस फलाटावर.)

पुण्याला काम निघालं की सोलापूरकर हुतात्मा पकडतो. कॉलेजचा प्रवेश असो, दवाखाना असो, मुलीचं स्थळ असो. पोलिसांविरुद्ध दाद मागायची झाली, तरी कायदा सोलापूरकराला याच दिशेने पाठवतो.

(दृश्य: चार हुतात्मा चौक, पुतळे.)

गाडीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते हे चौघे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये शहरात पोलिसांनी गोळीबार केला, मार्शल लॉ आला. मंगळवार पेठेतल्या चौकीवर दोन पोलिस मारले गेले, त्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. पोलिसांच्या खुनाचा खटला चालला. गोळीबाराचा जाब कुणाकडे मागायचा, याला तेव्हा दारच नव्हतं.

(दृश्य: फौजदार चावडी परिसर, रस्त्यावरची वर्दळ.)

आज दारं आहेत. समजा, विडी वळणाऱ्या एका बाईंच्या मुलाला रात्री उचललं, नोंद न करता बसवून ठेवलं, मारलं. बाई ठाण्यात जातात. उत्तर ठरलेलं: "अर्ज ठेवून जा, चौकशी करतो." शहरातलं प्रकरण असेल तर पुढे पोलिस आयुक्तालय, ग्रामीणचं असेल तर अधीक्षक कार्यालय. अर्जावर आवकचा शिक्का बसतो. मग तो चौकशीसाठी खाली येतो, आणि खाली म्हणजे बहुतेक वेळा ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच सहकाऱ्यांच्या टेबलावर. साहेब वाईट असतीलच असं नाही. पण त्या टेबलासमोर बसून जबाब देताना बाईंची जीभ किती उचलेल?

नेमकं याच अडचणीवर सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ रोजी बोट ठेवलं. याचिका होती प्रकाश सिंह यांची, आणि ते स्वतः उत्तर प्रदेशचे निवृत्त पोलिस महासंचालक. खात्यातला माणूस खात्यात सुधारणा व्हावी म्हणून १९९६ मध्ये कोर्टात गेला, निकालाला दहा वर्षं लागली. कोर्टाने सांगितलं, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य पातळीवर एक प्राधिकरण हवं, आणि प्रत्येक जिल्ह्यात एक. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश.

(दृश्य: नकाशा. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर.)

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलिस अधिनियमात दुरुस्ती करून प्राधिकरणं आणली, पण जिल्हा गाळला. त्याऐवजी महसुली विभाग. सोलापूर पुणे विभागात येतं, म्हणजे पाच जिल्ह्यांना मिळून एक, तेही पुण्यात. सरकारच्या दृष्टीने ही सोय असेल. बाईंच्या दृष्टीने ते अडीचशे किलोमीटर आणि बुडालेला रोजगार आहे. तारीख पुढे गेली की पुन्हा तेवढंच.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम डावलून केलेली अटक, खंडणी, जमीन-घर बळकावणं, या सगळ्याची तक्रार इथे चालते. साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकारही प्राधिकरणाला आहेत. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, सोबत निवृत्त पोलिस अधिकारी आणि समाजातली एक मान्यवर व्यक्ती. नागरिकांची देखरेख म्हणतात ती एवढ्या एका खुर्चीवर उभी आहे. शिवाय प्राधिकरण स्वतः कुणाला निलंबित करत नाही. ते अहवाल देतं, पुढची कारवाई सरकार आणि खात्याकडे.

(दृश्य: पोलिस ठाण्याच्या दारावरचा कॅमेरा.)

पुण्याला न जाता सोलापुरातच बसणारी एक देखरेखही आहे, आणि मला ती जास्त कामाची वाटते. २ डिसेंबर २०२० रोजी, परमवीर सिंह सैनी प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितले. आत-बाहेर जायची दारं, कोठड्या, व्हरांडे, सगळीकडे. चित्रण अठरा महिने, आणि तेवढं जमत नसेल तर निदान एक वर्ष जपायचं. शिवाय जिल्हा पातळीवर समिती. तिच्यात महसूल आणि पोलिस अधिकाऱ्यांसोबत शहराचा महापौर किंवा जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. समितीने ठाण्यांमधलं साठवलेलं चित्रण तपासायचं, आणि ज्याची तक्रारच झाली नाही असा मानवी हक्कांचा भंग त्यात दिसतो का, ते बघायचं. म्हणजे बाईंनी गाडी पकडायचीच गरज नाही, हा त्या आदेशाचा अर्थ.

(दृश्य: महापालिकेची इमारत, इंद्रभुवन.)

पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्याच महिन्यात जिल्हा परिषदेचीही. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. वर्षानुवर्षं सोलापूरला महापौरही नव्हता आणि जिल्हा परिषदेला अध्यक्षही. रस्ते, पाणी, कचरा यावरून त्या काळात ओरड झाली. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारी निवडून आलेल्या माणसाची जागाही तेव्हा रिकामी होती, यावर कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

आता मत मागायला येणाऱ्याला विचारता येईल: समितीची बैठक कधी घेणार, आणि कुठल्या ठाण्याचं चित्रण आधी बघणार? विचारायला उशीर नको. वर्ष-दीड वर्षानंतर त्या रात्रीचं चित्रण जपून ठेवायला ठाणं बांधील राहत नाही.