मागच्या दाराचा उकिरडा

(वरून घेतलेलं दृश्य. पिवळी माती, मधोमध काळपट गोल.)

पुरातत्त्वाच्या खोदकामात पिवळ्या चिकणमातीत हा काळा गोल दिसतोय, तो खड्डा आहे. कुणीतरी तो खणला, काही वर्षं त्यात घरचा केर टाकला आणि तो भरून गेला. वरून पाहिलं तर नुसता रंगाचा फरक. पाण्याचा फवारा मारला की कडा ठळक होतात, ऊन चढलं की पुन्हा पुसट. म्हणून कडा आखायचं काम सकाळी लवकर, नाहीतर ढगाळ दिवशी.

हा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा टाइडवॉटर पट्टा. जेम्स आणि यॉर्क या नद्या समुद्राला मिळण्याआधी पसरतात, तो सखल भाग. इंग्रजांनी 1607 साली जेम्सटाउन वसवलं ते इथंच. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत तंबाखूचे मळे आले, मळेवाल्यांची घरं आली, आणि त्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या झोपड्या. खांब थेट जमिनीत पुरून उभी केलेली ती लाकडी घरं केव्हाच कुजून गेली. कचरा मात्र जागेवर राहिला.

(कालवांच्या शिंपल्यांचा थर. कॅमेरा हळूहळू सरकतो.)

कचरा उचलून न्यायला कुणी येत नसे. खरकटं, हाडं, फुटकी भांडी, चुलीतली राख, सगळं दारातून बाहेर. नॉर्थ कॅरोलिनातलं ब्रन्सविक हे 1726 साली वसलेलं बंदर इंग्रज सैन्यानं 1776 साली जाळलं आणि पुढे ते ओसच पडलं. तिथं खोदकाम करताना पुरातत्त्वज्ञ स्टॅन्ली साउथ यांच्या लक्षात आलं की कचरा घराभोवती सारखा पसरलेला नाही, तो दारांपाशी दाटलेला आहे. अभ्यासक याला ब्रन्सविक पॅटर्न म्हणतात. व्यवहारात त्याचा उपयोग उलटा होतो. घराचा मागमूस नसला तरी खापऱ्या आणि हाडं जिथं दाट, तिथं दार होतं असं धरून खुंट्या ठोकायला सुरुवात करता येते.

दारापाशी पडलेला कचरा पायाखाली तुडवला जातो. तुकडे नखाएवढे होतात आणि पुढे नांगर त्यांना शेतभर फिरवतो. खड्ड्यात पडलेल्याचं तसं होत नाही. विटांसाठी किंवा भिंती लिंपण्यासाठी माती काढलेला खड्डा, पाणी बिघडलेली विहीर, पडक्या घराचं तळघर, संडासाचा आड. रिकामा खड्डा दिसला की माणूस त्यात कचरा टाकतोच. मोठे तुकडे, कधी अख्खी बाटली, मिळते ती अशा ठिकाणी.

(दोरी, खुंट्या, पाणसळ.)

वरचा नांगरटीचा थर साधारण 9 ते 12 इंच. यातल्या वस्तू जागच्या हललेल्या, पण वाया गेलेल्या नाहीत. म्हणून हाही थर चौकोन पाडूनच काढायचा आणि सगळा चाळायचा. इथले चौकोन फुटांत असतात, बहुधा 5 बाय 5 किंवा 10 बाय 10. खोली मोजायची ती फुटाच्या दहाव्या भागांत. ज्यांनी ही घरं बांधली ते फुटांतच मोजत होते. भिंतीची लांबी बरोब्बर 16 फूट भरली तर तो योगायोग नसतो, आणि मीटरमध्ये मोजलं तर हे नजरेतून सुटतं.

नांगरटीखाली मूळ माती लागली की फावडं आडवं धरून पातळ पापुद्रे काढायचे. मग थापीनं खरवडत मागे सरकायचं, म्हणजे साफ केलेल्या जागेवर पाय पडत नाही. गोल दिसला की त्याचं चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, मातीचा रंग मुन्सेलच्या रंगपट्टीशी ताडून लिहायचा. ‘काळपट’ हा शब्द दोन माणसांच्या वहीत दोन रंगांचा निघतो, ‘10 वायआर 3/2’ हा पट्टीवरचा क्रमांक मात्र सगळीकडे एकच.

(खड्ड्याचा उभा छेद. या दृश्यावर किमान दहा सेकंद थांबावं.)

आणि मग खड्डा अर्धाच खणायचा. मधून दोरी ताणायची आणि एक बाजू तळापर्यंत उतरवायची. उरलेली अर्धी बाजू भिंतीसारखी उभी राहते, तिच्यावर थर वाचता येतात. तळाशी करडा गाळ, खड्डा काही दिवस उघडाच असताना पावसानं वाहून आणलेला. त्यावर राख. राखेवर कालवांचे शिंपले. मग पिवळ्या मातीची पट्टी, म्हणजे कुणीतरी दुर्गंधीवर माती ओढली. त्यावर विटांचे तुकडे आणि खिळे, म्हणजे जवळपास काहीतरी पाडलं गेलं.

सगळ्यात जास्त चुका कडेशी होतात. कड चुकली की खड्ड्याबाहेरची जुनी माती आतल्या नव्या मातीत मिसळते. मुळं आणि घुशीसारख्या प्राण्यांची बिळंही फसवतात. वरचं बटण बिळातून घरंगळत तळाशी जातं आणि खणणारा खुश होतो. बिळाची माती भुसभुशीत लागते, थापीला विरोध करत नाही. ती आधी वेगळी काढून वेगळ्या पिशवीत भरायची.

पिशवीवर जागेचा, चौकोनाचा आणि थराचा क्रमांक, तारीख, खणणाऱ्याची आद्याक्षरं. चिठ्ठी आत एक, बाहेर एक. पाऊस आला की बाहेरची शाई पुसली जाते. क्रमांक गेलेली पिशवी म्हणजे नुसती खापऱ्यांची पिशवी.

(चाळण हलते आहे. आवाज तसाच ठेवावा.)

पाव इंची जाळीतून खापऱ्या, हाडं, खिळे अडतात. टाचण्या गळून जातात. पितळेच्या तारेच्या, डोक्याला वेगळ्या तारेचे वेढे दिलेल्या या टाचण्या प्रत्येक घरात होत्या, कारण कपडे त्यांनीच जागेवर राहत. त्यासाठी प्रत्येक थरातली ठरावीक माती, साधारण 10 लिटर, बाजूला ठेवून पाण्यात घालतात. जळकी बी आणि कोळसा वर तरंगतो, मासळीची खवलं आणि टाचण्या खालच्या बारीक जाळीवर बसतात.

शिंपल्यांचं एक वेगळंच काम. इथली माती आंबट, तिच्यात हाडं विरघळतात. शिंपल्यांतला चुना तो आंबटपणा मारतो. म्हणून शिंपल्यांच्या थरात डुकराचं बरगडीचं हाड सुरीच्या वळांसकट मिळतं, आणि हातभर बाजूच्या मातीत त्याची नुसती भुकटी असते. तिथं हाडं मिळाली नाहीत म्हणून लोक मटण खात नव्हते असं लिहिणारेही असतात.

(तळहातावर पांढऱ्या नळीचा तुकडा.)

ही नळी पांढऱ्या मातीच्या पाइपची. आपल्या चिलमीची लांब दांडीची चुलतबहीण म्हणा. स्वस्त, ठिसूळ, पडली की मोडणार, त्यामुळे उकिरड्यात रगड. सुरुवातीच्या पाइपांच्या दांड्या आखूड आणि भोकं मोठी, पुढे दांड्या लांबत गेल्या आणि भोकं बारीक झाली. पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी 1954 साली ही भोकं इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजून काळ लावला. 9 चं भोक म्हणजे सतराव्या शतकाची सुरुवात, 7 म्हणजे साधारण 1650 ते 1680, 5 म्हणजे अठराव्या शतकाचा पूर्वार्ध, 4 म्हणजे 1750 नंतरचं.

मोजायला ड्रिलचे पाते लागतात, एकेका चौसष्टाव्या भागानं वाढत जाणारे. पातं उलटं धरायचं, गुळगुळीत दांडा भोकात घालायचा. धारेकडून घातलं तर भोकच मोठं होतं. नळीत माती अडकलेली असते, ती ओलसर असतानाच काडीनं काढायची.

पुरातत्त्वज्ञ लुइस बिनफर्ड यांनी यावरून सूत्र बांधलं. भोकांची सरासरी 38.26 नं गुणायची आणि 1931.85 मधून वजा करायची. समजा सरासरी 5.5 आली. गुणाकार 210.43, उत्तर 1721. हे साल म्हणजे कचरा टाकण्याचा मधला काळ, खड्डा बुजवल्याचं साल नव्हे. पाच-दहा नळ्यांवर हे करू नये, आणि 1780 च्या पुढच्या जागेवर तर मुळीच नाही. तिथं सूत्र भरकटतं.

(दोन खापऱ्या शेजारी. बुडाची कड.)

आता त्याच खड्ड्यात ही फिकट पिवळसर खापरी निघाली तर? बुडाच्या कडेपाशी चकाकी साचते, तिथं पाहायचं. हिरवट-पिवळी झाक असेल तर क्रीमवेअर या प्रकारचं भांडं, जे इंग्लंडचे कुंभार जोसाया वेजवुड यांनी 1762 च्या सुमारास बाजारात आणण्याजोगं केलं. निळसर झाक असेल तर पर्लवेअर, 1770 च्या दशकाच्या अखेरीचं. नळ्या 1721 म्हणोत, क्रीमवेअर तळाच्या थरात असेल तर खड्डा 1762 च्या आधी भरलेला असूच शकत नाही. थराचं वय त्यातली सगळ्यात नवी वस्तू ठरवते. शंभर जुन्या खापऱ्या एका नव्या खापरीपुढे हरतात. मात्र ती खापरी त्या थराचीच होती, बिळातून आलेली नव्हती, हे वहीत असलं तरच.

वरच्या थरातला तुकडा तळाच्या थरातल्या तुकड्याशी जुळला, तर कितीही थर दिसोत, खड्डा बहुधा एकाच खेपेत बुजवला गेला. असे जोड लावायला अख्खा हिवाळा जातो. पडद्यावर ते सात सेकंदांत दिसतंय.

(चुलीसमोरचा चौकोनी खड्डा. निळे मणी.)

गुलामांच्या झोपड्यांत जमिनीखाली असे चौकोनी कोनाडे सापडतात, बहुधा चुलीसमोर. विल्यम्सबर्गजवळ किंग्जमिलला ते मोठ्या संख्येनं मिळाले. रताळी साठवायला, आपलं म्हणून काही ठेवायला. यातून निघतात निळे काचमणी, कवड्या, बटणं, आणि हातानं घडवून मंद आचेवर भाजलेल्या कोलोनोवेअरच्या खापऱ्या. या माणसांच्या हातची कागदपत्रं जवळजवळ नाहीत. मळेवाल्याच्या वहीत त्यांचं नाव आणि किंमत एवढंच.

(निवेदन नाही. मणी. मग हात.)

शहरात उकिरडा खाली जातो. फिलाडेल्फियात अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयाची जागा 2014 पासून खणली, तेव्हा विटांचे आड आणि विहिरी मिळाल्या आणि त्यांतून 80 हजारांहून जास्त वस्तू निघाल्या. त्यांत ‘ट्रिफेना’ या जहाजाला यश चिंतणारा इंग्लिश डेल्फ्टचा, म्हणजे पांढऱ्या चकाकीच्या मातीचा, पंचबोल (पंच या पेयाचा वाडगा) आहे. डेल्फ्टची पांढरी चकाकी पापुद्र्यानं सुटते, म्हणून तो ब्रशनं घासायचा नसतो.

संडासाच्या आडात तळाला मैला, मध्ये चुन्याच्या पांढऱ्या रेघा, वर तो बंद करताना लोटलेला घरभरचा कचरा. मैला उपसणारे अधूनमधून येत, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांचं काही राहिलं तर विटांना चिकटलेलंच. त्या काळ्या थरात रासबेरी आणि द्राक्षांच्या बिया टिकतात, जंतांची अंडीही. ओलाव्यात हवा पोचत नाही. अशा थरातलं चामडं किंवा लाकूड ओलंच ठेवायचं. वाळलं की आक्रसतं, तडकतं. लोखंडही उघड्यावर टिकत नाही, क्षारांमुळे गंज आतून फुगतो आणि खिळा पापुद्र्यापापुद्र्यानं गळतो.

आडाच्या विटा बऱ्याचदा चुन्याशिवाय रचलेल्या असतात, पाणी झिरपावं म्हणून. आतली माती काढली की त्यांना आधार राहत नाही. अमेरिकी नियमानं 5 फूट किंवा त्याहून खोल चराला, अखंड खडकात नसेल तर, टेकू, उतार किंवा तसं काही संरक्षण लागतंच, 4 फुटांपासून शिडी लागते, आणि उपसलेली माती काठापासून निदान 2 फूट लांब. खणण्याआधी 811 ला फोन, जमिनीखालच्या वायू आणि विजेच्या वाहिन्या आखून मिळतात.

(झाडीतला अरुंद, खोल खड्डा. आसपास फेकलेल्या खापऱ्या.)

हा खड्डा बाटल्यांसाठी खणलेला. सळई खुपसून काच लागली की सरळ खाली, बाकीचं फेकून. अमेरिकी संघराज्य सरकारच्या जमिनीवर 1979 च्या कायद्यानं 100 वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी असं करणं गुन्हा आहे. पहिल्या खेपेला 10 हजार डॉलरपर्यंत दंड, 1 वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही, नुकसान 500 डॉलरच्या वर गेलं तर दुप्पट. खासगी जागेत मालक हो म्हणाला की बहुतेक ठिकाणी चालतं.

(प्रयोगशाळा. टूथब्रश, जाळीचे ट्रे, बारीक टाक.)

धुऊन सावलीत वाळवलेल्या खापरीवर पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक राळेचा पातळ पट्टा, त्यावर शाईनं क्रमांक, त्यावर पुन्हा पट्टा. क्रमांक तुटलेल्या कडेवर घालायचा नाही, जोड लावताना तो दिसेनासा होतो.

(पुन्हा तोच काळा गोल. अर्धा रिकामा, अर्धा भरलेला.)

उरलेला अर्धा खड्डा शक्य असेल तिथं ठेवून देतात, पुढे कुणाकडे अधिक चांगली साधनं असतील म्हणून. खणलेल्या बाजूला कापड अंथरतात, माती परत लोटतात. लोटण्याआधी तळाशी यंदाच्या सालाचं एक नाणं टाकतात. पुन्हा कुणी खणलं तर थरातली सगळ्यात नवी वस्तू तीच निघेल.