गाणं वाजवलं म्हणून गुन्हा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या एकादशीला आमच्या गावच्या प्रार्थना मंदिरात भजन लवकर आटोपलं आणि सिनेमा झाला. सिनेमा म्हणजे माहितीपट. मुलीनं पेनड्राइव्हमध्ये आणलेला. पडदा म्हणून भिंतीवर धोतर ताणलं. मध्ये दोनदा लाइन गेली, पण कपाशीचं वखरण करून थकलेली माणसंही उठली नाहीत.

माहितीपट होता ग्रीस देशातले संगीतकार मिकिस थिओडोराकिस यांच्यावर. २०२१ साली, शहाण्णव वर्षांचे होऊन ते गेले. २०१७ च्या जूनमध्ये अथेन्सच्या स्टेडियममध्ये हजार गायक उभे होते आणि समोर चाकांच्या खुर्चीत हा म्हातारा. खुर्चीतून उठवत नाही, पण हात वर गेला की हजार गळे उघडतात.

याच माणसाला यादवी युद्धाच्या काळात माक्रोनिसोस बेटावरच्या छावणीत मारून मारून अर्धमेलं केलं होतं. डाव्या विचारांचा, एवढाच अपराध. पुढे एप्रिल १९६७ मध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि १ जूनला तेरा नंबरचा हुकूम काढला: या संगीतकाराची गाणी देशात कुठंही वाजवायची नाहीत. वाजवली तर थेट लष्करी न्यायालय. म्हणजे तेव्हा तिथं मी आत्ता या माइकसमोर त्यांची एक तबकडी लावली असती, तर रात्री घरी गेलो नसतो.

आमच्या मंडळातले खंजिरीवाले बुवा अंधारातच बोलले, "मास्तर, गानं वाजवलं म्हून कोर्टात? मंग आपन त सारेच जनमठेपीत असतो जी!"

बुवांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. १९४२ साली आमच्या तुकडोजी महाराजांना इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, तेव्हा त्यांच्याजवळ बंदूक नव्हती, खंजिरी होती. चिमूर त्याच वर्षी पेटलं होतं.

थिओडोराकिस यांचीही एक खंजिरी होती. तिचं नाव बुझुकी. लांब दांडीचं तंतुवाद्य. दारूच्या गुत्त्यातलं म्हणून शिकलेली मंडळी नाक मुरडायची. यांनी १९६० साली मोठ्या कवीची कविता त्याच बुझुकीवर गाऊन घेतली. कविता एका आईची. १९३६ च्या तंबाखू कामगारांच्या संपात गोळी लागून तिचा मुलगा पडला होता आणि रस्त्यावर प्रेताशी बसलेल्या त्या माउलीचा फोटो पेपरात आला होता. मजुराचं दुःख मजुराच्याच वाद्यावर आलं, म्हणून ते हमालानंही म्हटलं. सरकार भ्यालं ते यालाच. मूठभर रसिकांनी सभागृहात ऐकायचं संगीत असतं, तर हुकूम काढायची तसदी कोण घेतं?

त्यांना तुरुंग झाला, मग बायकामुलांसह झातुना नावाच्या डोंगरी खेड्यात डांबलं, मग पुन्हा छावणी. १९७० मध्ये सुटून पॅरिसला गेले, लष्करशाही कोसळल्यावर १९७४ मध्ये परतले. (पुढे उजव्यांच्या सरकारात मंत्रीही झाले. आमच्याकडं याचं कोणालाच नवल वाटलं नाही!)

पण मला सांगायचंय ते १९७१ चं. सप्टेंबरात कवी सेफेरिस वारले. अंत्ययात्रेला अथेन्समध्ये तोबा गर्दी. त्यांच्या एका कवितेला थिओडोराकिस यांची चाल होती, म्हणजे बंदीतलीच. शवपेटीमागून चालता चालता लोकांनी तेच गाणं धरलं. चाल बांधणारा परदेशात, लिहिणारा पेटीत, आणि गाणं रस्त्यावर. आपल्याकडं मयतीपुढं भजनी मंडळ चालतं, तेव्हा खंजिरी कोणी थांबवेल का? आमच्या बायाबापड्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बुवा खंजिरी घेऊन ओसरीवर हजर. "ते रातचं लावा." लावलं. तिकडच्या झेबेकिको चालीत नऊ मात्रा असतात, बुवांचा हात आठांच्या केरव्यात मुरलेला. चारदा धरलं, चारदा सुटलं. शेवटी खंजिरी मांडीवर ठेवून म्हणाले, "एक थाप जास्तीची पडून राह्यली, मास्तर. तिले कुठं बसवू?"

चहा निवून गेला, तरी बोटं मांडीवर मोजतच होती.