अंबरनाथच्या मंदिरापुढे उभे राहून वहीत ‘डावीकडे’ असे लिहू नका

नमस्कार. ठाणे जिल्ह्यातील प्राचीन शिल्पकलेचा अभ्यास कोठून सुरू करावा, हा प्रश्न तुमच्या प्रतिक्रियांमध्ये इतक्या वेळा आला आहे की आज त्याचेच उत्तर द्यायचे ठरवले. राजवंश, कालखंड आणि मूर्तिलक्षणे विद्यापीठाच्या वर्गात शिकवली जातातच, त्यामुळे त्यांवर मी वेळ घालवणार नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारकालीन, म्हणजे कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळातील, व भूमिज शैलीचे (शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा असलेले) असून तेथील शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, हे वर्ष आहे. पहिल्या क्षेत्रभेटीला एवढी शिदोरी पुरते.

घोडे अडते ते पुढे. बाह्य भिंत पाहताना प्रत्येक मूर्तीची दिशा वहीत नोंदवायची असते आणि नेमके तेच बहुतेकजण टाळतात. पदव्युत्तर वर्गाच्या एका भेटीत मी एका विद्यार्थिनीची वही पाहिली. अक्षर मोत्यासारखे आणि नोंद अशी : ‘डावीकडे चतुर्भुज देवता, भग्न.’ कोणाच्या डावीकडे? मूर्तिशास्त्रात उजवा हात म्हणजे मूर्तीचा उजवा हात, पाहणाऱ्याचा नव्हे. त्यातून हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. पूर्वाभिमुख मंदिरात प्रदक्षिणेला निघाल्यावर आधी दक्षिणेची भिंत लागते, येथे मात्र आधी उत्तरेची लागते. म्हणून पूर्व, आग्नेय, दक्षिण असेच लिहावे.

‘फोटो असताना वही कशाला?’ असे एका प्रेक्षकाने काहीशा रागानेच विचारले आहे. फोटोत मूर्ती दिसते, तिची जागा दिसत नाही. घरी आल्यावर पन्नास देवकोष्ठांचे, म्हणजे मूर्ती बसवलेल्या भिंतीतील कोनाड्यांचे, फोटो समोर ठेवून यातले उत्तरेचे कोणते, हे सांगून पाहा, म्हणजे माझा त्रागा तुमच्या लक्षात येईल. मोबाइलमध्ये होकायंत्र असते. ते उघडायला कोणाची हरकत आहे?

जागेला इतके महत्त्व का, तर दगड झिजतो. नऊशेहून अधिक पावसाळे सोसलेल्या मूर्तीच्या हातातील आयुध अनेकदा ओळखू येत नाही, वाहन तुटलेले असते आणि चेहरा सपाट झालेला असतो. अशा वेळी जागाच बोलते. अष्टदिक्पालांचे, म्हणजे आठ दिशांच्या रक्षक देवतांचे, स्थान परंपरेने ठरलेले आहे. उदाहरणार्थ : आग्नेयेला अग्नी, दक्षिणेला यम, नैर्ऋत्येला निर्ऋती, वायव्येला वायू. दक्षिणेच्या बाजूला, जेथे दिक्पाल अपेक्षित आहे तेथे, पायाशी रेड्याचा पुसटसा आकार उरला असेल, तर यमाची शक्यता भक्कम होते. तीच मूर्ती ‘डावीकडे, भग्न’ अशी नोंदवली, तर वर्गात कितीही जाणकार प्राध्यापक असले तरी त्यांना तर्क करायला आधारच उरत नाही.

1868 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी याच मंदिराची रेखाटने केली आणि शिल्पांचे साचे घेतले. अशा जुन्या रेखाटनाशेजारी आपले रेखाटन ठेवून काय झिजले आणि काय टिकले, हे तपासता येते. मात्र दोन्ही रेखाटने एकाच जागेची आहेत, याची खात्री आपल्या नोंदीतून पटली पाहिजे.

पदवीसाठी नाव नोंदवलेले नसले तरी हे काम करता येते, हे विचारणाऱ्या सर्वांना सांगतो. महाशिवरात्रीला मात्र वही घेऊन जाऊ नका. त्या दिवशी तेथे मोठी यात्रा भरते आणि गर्दीत भिंतीसमोर दोन मिनिटेही उभे राहता येत नाही.