भाव काय शे, भो?

(दृश्य: चोपड्याकडचा रस्ता, कापसाने भरलेली वाहनं)

दिवाळी सरली की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकायला लागतो. ट्रॅक्टर, पिकअप, मधूनच एखादी बैलगाडी. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, दारात सवाल एकच: "भाव काय शे, भो?"

विचारतो तो, ज्याने कापूस पिकवला. समाजवादाची गोष्ट इथूनच सुरू होते.

(दृश्य: जिनिंगचं यंत्र, जवळून)

क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. रुईच्या गाठी गिरणीकडे, सरकी तेलाला, आणि तेल काढून उरलेली ढेप परत त्याच शेतकऱ्याच्या म्हशीपुढे. विकत. वाटेत जी कमाई होते, ती यंत्र ज्याचं त्याची. समाजवाद बोट ठेवतो ते नेमकं इथे. जमीन, यंत्रं, भांडवल मूठभरांच्या हाती नको, समाजाच्या हाती हवं. मग ते सरकारमार्फत असो, सहकारातून असो, की कामगारांकडेच. तुमची बैलजोडी, घरची भांडीकुंडी कोणी वाटून घेत नाही. पारावर पहिली शंका हीच निघते, म्हणून सांगितलं.

खान्देशाला ही भाषा जुनी आहे. डिसेंबर १९३६, फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. स्वतःला उघड समाजवादी म्हणवणारे. शेतसारा, जमिनीचा खंड आणि कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्यासाठीचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला.

१९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी आणली. व्यापारी बाजूला, सरकार एकटं गिऱ्हाईक. नड ओळखून भाव पाडायचा धंदा बसला. चार क्विंटलवाला आणि चाळीस क्विंटलवाला, प्रत सारखी तर भावही सारखा. या विचाराची सगळ्यात मोठी बाजू मला हीच वाटते.

पण चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, रखडायचे. प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची मर्जी सांभाळावी लागायची. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात मध्य प्रदेशात, गुजरातेत. दोष सामाईक मालकीचा म्हणाल, तर मला पटत नाही. मालक बदलला, काट्यावर उभ्या माणसाला तोंड उघडायला जागा मात्र मिळाली नाही.

ती जागा त्याच सुमारास खान्देशातल्याच शहाद्यात काही माणसं स्वतःच करून घेत होती. भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज, आणि मजुरांची श्रमिक संघटना. भिल्ल सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, आणि मजूर हातातून गेलेल्या जमिनी परत मागत होते, मजुरी वाढवून मागत होते. त्यांच्यासमोर व्यापारी नव्हता, शेताचा मालकच होता.

(दृश्य: संध्याकाळ, शेताचा बांध, टांगलेला वजनकाटा)

वेचणी किलोवर असते. दिवसभर वाकलेल्या बाया एकेक गाठोडं काट्याला लावतात. सकाळी जिनिंगच्या दारात उभा होता तोच शेतकरी आता काट्याचा आकडा वाचतोय.

एक बाई विचारते, "उद्या किलोले काय भाव शे, भाऊ?"